आडवा वाघ

१

पांढऱ्या पटावर रक्ताचे थेंब उडाले होते आणि त्या थेंबांच्या मधोमध एक लांबट जागा कोरी राहिली होती. चारुशीलाबाईंनी पट्टी लावून ती मोजली. लांबी चार सेंटिमीटर, रुंदी दीड. एक टोक गोलसर. भोवतीचे काही थेंब तिच्या कडेपर्यंत येऊन मध्येच कापल्यासारखे थांबले होते.

"बाई, झालं असेल तर खोली सील करतो," दारातून फौजदार मानसिंग जगदाळे म्हणाला. कॉलेजात बाईंनी त्याला पदार्थविज्ञानात दोनदा नापास केलं होतं. आता अंगावर खाकी होती, तरी तो त्यांच्यासमोर टोपी काढूनच उभा राहायचा.

"पटावर सोंगट्या नव्हत्या?"

"पट मोकळाच होता. पंचनाम्यात तसंच लिहिलंय."

"आता मोकळा आहे. रक्त उडालं तेव्हा नव्हता."

आदल्या दिवशी, म्हणजे चौदा मार्च एकोणीसशे चौऱ्याहत्तरच्या गुरुवारी, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, अण्णा तांबवेकरांना याच खोलीत कोणीतरी ठार मारलं होतं. रंग घोटायचा दगडी बत्ता डोक्यात तीनदा घातला होता. पहिल्या घावाला अण्णा डावीकडे भिंतीवर कलंडले. दुसऱ्या आणि तिसऱ्या घावाचं रक्त पटावर, कपाटावर आणि छताच्या तुळईपर्यंत गेलं. गल्लीत हळदीच्या गोदामाचं यंत्र दिवसभर धडधडतं. कोणी काही ऐकलं नाही.

अण्णा निवृत्त ड्रॉइंग मास्तर. सांगलीतल्या या घरात त्यांनी चाळीस वर्षं पट जमवले होते. कापडी सारीपाट, साप-शिड्यांचे जुने मोक्षपट, जमखंडीकडून आणलेली चौदा खळग्यांची लाकडी पाटी, वजनानुसार डब्यांत लावलेल्या कवड्या. सकाळी सातला सरस उकळायला ठेवायचा, दहापर्यंत रेघा आखायच्या, जेवून अर्धा तास पडायचं आणि दुपारी मोजक्या खेळाडूंपैकी जो येईल त्याला नव्या खेळाला बसवायचं. पहिली चाल झाल्याखेरीज अण्णा कामाचं बोलायचे नाहीत. खेळून झालं की हरलेल्याने सोंगट्या मोजून थैलीत भरायच्या, ही घराची रीत.

गेलं वर्षभर ते वाघ-बकरीवरून नवा खेळ बांधत होते. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. वाघ बकरीवरून उडी मारून तिला खातो, बकऱ्या वाघाला कोंडतात. वाघ फार जिंकत होता. चारुशीलाबाई दोन घरं सोडून राहायच्या आणि खेळांचा हिशोब वहीत ठेवायच्या. बुधवारी संध्याकाळपर्यंत साठ डाव झाले होते, त्यांत एक्केचाळीस वाघाचे.

त्यांनी पेन्सिलीच्या टोकाने पट दाखवला. "अकरा छोटी कोरी वर्तुळं. त्या बकऱ्या. दोन मोठी, ते उभे वाघ. आणि ही लांबट जागा, तिसरा वाघ. आडवा."

"धक्क्यानं पडला असेल."

"पडलेली सोंगटी कुठेही पडते. ही बरोबर रेघांच्या छेदावर आहे, रेघेला समांतर. आणि थेंब तिच्यावर पडले, म्हणजे ती रक्ताच्या आधी आडवी होती. कोणीतरी हाताने निजवली आहे."

खुंटीवरची थैली त्यांनी खाली घेतली आणि वर्तमानपत्रावर रिकामी केली. पंधरा बकऱ्या, तीन वाघ. वाळलेलं रक्त अकरा बकऱ्यांवर आणि तिन्ही वाघांवर होतं. दोन वाघांच्या डोक्यांवर. तिसऱ्याच्या पाठीवर, लांबीभर.

"कपाटातून गंजिफाच्या जुन्या पत्त्यांची पेटी गेलीय," मानसिंग म्हणाला. "चोरीच आहे."

"चोर घाईत असतो, मानसिंग. तो अठरा सोंगट्या मोजून थैलीत भरून खुंटीला लावत नाही. समोर बसून कोणी खेळत होतं हे ज्याला लपवायचं होतं, त्यानेच त्या भरल्या. आणि चोरी वाटावी म्हणून पेटी नेली."

"सोंगट्या कातून देणारा तो गुंडा कातारी रोज इथंच यायचा की. कपडे रक्तानं भिजलेले सापडले."

"त्यानेच अण्णांना उचललं. त्यानेच आरडाओरड करून लोक जमवले."

मानसिंगने टोपी घातली. "वरून विचारणा आहे, बाई. सोमवारी त्याला कोर्टात उभा करतो. तोवर कबुली होईल."

"ती कशी होईल?"

मानसिंग सीलची लाख आणि काडेपेटी घेऊन दाराकडे वळला.

२

कोठडीत गुंडाला भेटायला बाईंना शुक्रवारी दुपारी दहा मिनिटं मिळाली. तो भिंतीला टेकून बसला होता. उजव्या हाताची दोन बोटं सुजून काळी झाली होती आणि नखं जागेवर नव्हती. बाहेर त्याची बायको राहीबाई पायरीवर बसून होती.

"बाई, ह्या हातानं आमी खातो," ती म्हणाली होती. "लेथवर हात न्हाई चालला तर कोन काम दील? त्यास्नी सांगा, मारायचंच तर पायावर मारा."

गुंडा कुजबुजला, "मी न्हाई केलं बाई. अण्णांनी मला बाप म्हनून वागवलं."

"मला ठाऊक आहे. एकच सांग. गुरुवारी सकाळी तू त्यांना भेटला होतास?"

"व्हय. नवाला दुकानात आलं. तीन वाघ घेऊन. म्हनाले, एका अंगाला घासून सपाट कर, निजवला तर लोळता कामा न्हाई. मी कानशीनं घासून दिलं. लय खुशीत हुतं. म्हनाले, रात्री सुचलं गुंडा, आता वाघाचं खरं न्हाई."

"कशासाठी निजवायचा ते सांगितलं?"

"मला खेळ कुठं येतोय. मी निस्तं लाकूड जानतो. संध्याकाळी नव्या बकऱ्या घेऊन गेलो आनी..."

बाहेर आल्यावर त्या मानसिंगला म्हणाल्या, "त्याची बोटं कोणी मोडली?"

"मी हात लावत नाही, बाई. मारताना मी चहाला जातो."

"म्हणजे कधी मारतात ते तुला ठाऊक असतं."

मानसिंगचा चेहरा उतरला. त्या थेट मुद्द्यावर आल्या.

"नीट ऐक. खाऊन पोट भरलेला वाघ एक चाल आडवा पडतो, हा अण्णांचा शेवटचा नियम असणार. बुधवारी संध्याकाळी मी खेळून सहाला उठले तेव्हा तो नव्हता. त्यांच्या नियमांच्या वहीतही नाही. गुरुवारी सकाळी वाघ सपाट झाले आणि दुपारी अण्णा गेले. त्यांच्याकडे येणाऱ्यांची गंमत तुला ठाऊक नाही. अण्णा नियम बदलत राहायचे, आणि जो तो आपल्याला ठाऊक असलेला शेवटचा नियम खरा धरून खेळायचा. दिवाळीला वाघ एका चालीत दोन उड्या मारायचा. संक्रांतीला ते बंद झालं. फेब्रुवारीत बकरीला मागे जायची मुभा मिळाली. कोण कसं खेळतो यावरून तो अण्णांकडे शेवटचा कधी बसला ते कळतं."

"म्हणजे ज्याला आडवा वाघ ठाऊक..."

"तो गुरुवारी त्या पटासमोर होता."

"आणि तो मुद्दाम जुन्या नियमानं खेळला तर?"

बाईंनी प्रथमच त्याच्याकडे कौतुकाने पाहिलं. "खेळू शकतो. म्हणून या चाचणीने कोणी निर्दोष ठरत नाही. पण ठाऊक नसलेला नियम कोणालाच खेळता येत नाही. अण्णा कोणाकोणाला खेळाला बसवायचे? मी, पाटणचे सुभेदार लालासाहेब आणि अण्णांचे जावई. बाकी कोणी नाही. मला रविवारपर्यंत वेळ दे. आणि तोवर चहाला जाऊ नकोस."

अण्णांच्या घरी परत येईपर्यंत अंत्यसंस्कार आटोपून जावई साताऱ्याला निघाला होता. वकील नारायण बोपर्डीकर, तार मिळाल्यावर सकाळी आलेला. त्याने टॅक्सीचं दार उघडून धरलं होतं आणि अण्णांची मुलगी प्रमोदिनी आत बसत होती. डाव्या मनगटाला प्लॅस्टर. तीन आठवड्यांपूर्वी ती तशीच वडिलांकडे आली होती. न्हाणीघरात घसरले, म्हणाली होती. नऊ वर्षांत ती पाच वेळा घसरली होती. गुरुवारी दुपारी ती प्लॅस्टर दाखवायला मिरजेला गेली होती.

फेब्रुवारीत बाईंनी तिला सरळ विचारलं होतं, "तक्रार कधी देणार?"

"बघू, चारूताई," ती म्हणाली होती. अण्णांनी विचारलं तरी तेच. बघू.

टॅक्सीच्या काचेतून तिने बाईंकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली.

३

शनिवारी बाई आणि मानसिंग पाटणला गेले. तिथून पुढे तीन मैलांवर सुभेदार लालासाहेब निकमांचं घर. ओसरीवर पलटणीतले फोटो, आत काचेच्या कपाटात पट. अण्णांएवढाच वेडा माणूस. कोयनेकाठच्या एका देवळाच्या पायरीवर कोरलेला वाघ-बकरीचा दगडी पट अण्णांनी त्यांच्या आधी गाठून विकत घेतला होता, तेव्हापासून दोघांत वाकडं होतं.

"या बाई. फौजदारबी आलाय? म्हंजे मला धरायलाच आलाय जनू."

"तुम्ही अण्णांना धमकी दिली होती," मानसिंग म्हणाला.

"दिली की. मुंडकं मुरगाळीन म्हनलो हुतो, भर बाजारात. त्यावर म्हातारा म्हनतो, आधी डाव जिंक, मग मुरगाळ." सुभेदार हसता हसता थांबले. मग खाकरले. "दोन लढाया बघितल्या मी. मारायचं म्हनलं तर समोरून मारतो, बसल्या मानसाला दगड घालत न्हाई. खबर आल्यापासनं जेवन जाईना झालंय. आता भांडायचं कुनाशी?"

बाईंनी नवा पट मांडला. "अण्णांचे शंभर डाव पुरे करायचे आहेत. एक खेळता?"

"वाघ माझं."

सुभेदारांनी चौथ्या चालीला बकरी खाल्ली, आणि हात न थांबवता त्याच वाघाने दुसरी उडी मारून आणखी एक. दोन बकऱ्या उचलून मांडीशी ठेवल्या.

"दोन उड्या?" बाई म्हणाल्या.

"आवं, दिवाळीला त्येनंच शिकवलं. का? बदललं व्हय पुन्ना? त्या मानसाचं एक धड न्हाई बघा!"

परतीच्या एस.टी.त मानसिंग म्हणाला, "सुभेदार नाही."

"सुभेदार सिद्ध झाला नाही, एवढंच म्हण."

"मग उरलं कोण?" त्याने स्वतःशीच बोटं मोजली आणि सावरून बसला. "वकील? बाई, साताऱ्यातलं वजनदार माणूस आहे ते. आणि सासऱ्याला मारायचं कारण?"

"अण्णांना अवघड बोलायचं असलं की ते पट मांडायचे. मुलगी परत पाठवणार नाही, हे जावयाला सांगायला त्यांनी तेच केलं असणार." त्यांनी वहीचं पान उलटलं. "पण यात एक भोक आहे, मानसिंग. गुरुवारी सकाळी प्रमोदिनी त्या घरातच होती. नवा नियम तिलाही ठाऊक असणार. तो म्हणेल, मला बायकोने सांगितला."

"मग त्या खरं काय ते सांगतील की."

"नऊ वर्षांत सांगितलेलं नाही," बाई म्हणाल्या. "आणि आता ती त्याच्याच घरात आहे."

४

रविवारी सकाळी दहाला साताऱ्यात नारायणराव बोपर्डीकरांनी दोघांना दिवाणखान्यात बसवलं. कोरा सदरा, नीट विंचरलेले केस. त्यांनी स्वतःच जबानीचा मसुदा तपासला, मानसिंगची दोन वाक्यं दुरुस्त केली आणि सही केली. सासऱ्यांची शेवटची भेट दिवाळीला. खेळ पाहिला तो तेव्हाच. त्यानंतर सांगलीला गेलो नाही. गुरुवारी दिवसभर घरी वाचत होतो. पत्नी माहेरी असल्याने घरात दुसरं कोणी नव्हतं.

"कातारी कबूल झाला का?" सही वाळवत त्यांनी विचारलं.

"होईल," मानसिंग म्हणाला.

"व्हायलाच हवा. असल्या लोकांना आपण घरात घेतो, हीच चूक."

प्रमोदिनी एका हाताने चहाचा ट्रे घेऊन आली. गालाच्या हाडावर नवा निळसर डाग होता, पदराने अर्धा झाकलेला. बाईंनी तो पाहिला. त्यांनी पाहिलं हे तिने पाहिलं. ट्रे ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"नारायणराव, एक डाव खेळता?" बाईंनी पट उलगडला. "अण्णांची मोजणी पुरी करतेय. तुम्ही हरत नाही असं ते म्हणायचे."

"ते खरंच आहे," नारायणराव हसले. "बकऱ्या मला द्या. वाघाने कोणीही जिंकतं."

त्यांचा खेळ देखणा होता. बकऱ्या जोडीने पुढे सरकत, एकही एकटी सापडत नव्हती. बाईंना सहा चाली थांबावं लागलं. सातव्या चालीला फट दिसली. त्यांनी वाघ उचलला, एका बकरीवरून उडवला आणि दिवाळीच्या नियमाने त्याच हाताने दुसऱ्या बकरीवरूनही उडवला.

"अंहं!" नारायणरावांचं बोट पटावर आलं. "एकच उडी."

"दिवाळीला दोन होत्या."

"असतील. आता नाहीत. चुकीचं खेळून जिंकायचं असेल तर खेळायचंच कशाला, बाई?" त्यांनी दुसरी बकरी पुन्हा जागेवर ठेवली. वाघ एका उडीच्या ठिकाणी मागे आणला. आणि पुढे, शाळेत पोराची पाटी दुरुस्त करावी तशा सहजतेने, तो वाघ रेघेवर आडवा निजवला. "आणि खाल्ल्यावर तो असा. पुढच्या चालीला हलवता येणार नाही. चला, माझी चाल."

बाईंनी मांडीवर हात घडी घालून ठेवले.

"नारायणराव, दोन उड्या संक्रांतीला बंद झाल्या. वाघ आडवा पडायला लागला तो गुरुवारी. तुम्ही आत्ताच सही केली आहे की दिवाळीनंतर तुम्ही हा खेळ पाहिलेला नाही."

बाहेर रस्त्यावर कल्हईवाला ओरडत गेला. नारायणरावांचं बोट अजून पटावर होतं. ते त्यांनी हळूच उचललं.

"गुरुवारी?"

"गुरुवारी सकाळी नऊला गुंडाने वाघ घासून दिले. दुपारी अण्णा तुमच्याशी खेळत होते. तुमच्या बकऱ्या, त्यांचे वाघ. त्यांचा एक वाघ पटावर आडवा होता. त्यांनी तुम्हाला काय सांगितलं ते मी अंदाजानेच म्हणते. पण बत्ता हाताशी होता आणि ते पटाकडे बघत होते. खाली वाकून. पुढच्या चालीसाठी."

पट एका फटक्यात उडाला. त्याची कड बाईंच्या कपाळावर बसली आणि डोळ्यात रक्त उतरलं. मानसिंग उठेपर्यंत नारायणराव उभे होते, पण त्यांनी पुन्हा हात उचलला नाही. सदऱ्याची बाही सरळ केली. आवाज कोर्टातला झाला.

"राग आला, त्याबद्दल माफी मागतो. घरी येऊन कोणी खुनी म्हटलं तर कोणालाही येईल. फौजदार, तुमच्याकडे काय आहे? लाकडी वाघ. मला नियम ठाऊक आहे, मान्य. बायको तीन आठवडे त्या घरात होती. शुक्रवारपासून इथे आहे. तिने सांगितला. नवरा-बायकोत बोलणं होतंच." ते वळले. "प्रमोदिनी, इकडे ये. सांग यांना."

५

ती दारातून पुढे आली. नारायणरावांनी तिचा हात धरला, प्लॅस्टरच्या वर, कोपराजवळ. बोटं रुतलेली दिसत होती.

"सांग. शुक्रवारी रात्री जेवताना तू मला खेळाचं सांगितलंस."

मानसिंग पुढे सरकला. बाईंनी डोळ्यावरचं रक्त पदराने टिपत दुसऱ्या हाताने त्याला थांबवलं. धमकावून काढलेली एक कबुली त्याच्या ठाण्यात आधीच तयार होत होती. त्यांना दुसरी नको होती.

"प्रमोदिनी," त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी अकराला गुंडाला कोर्टात नेणार आहेत. त्याची दोन बोटं गेली आहेत. कबुलीवर अंगठा घेतला की मग फाशीपर्यंत त्याच्या बाजूने बोलायला कोणी नाही. तू होय म्हणालीस तर माझ्याजवळ काही उरत नाही. नाही म्हणालीस तर यांनी तो नियम कोणाकडून ऐकला, याला एकच उत्तर आहे. दोन्हीपैकी काहीही म्हण. पण खरं असेल तेच म्हण."

"ताईंच्या बोलण्यात येऊ नकोस," नारायणराव शांतपणे म्हणाले. त्यांची पकड घट्ट झाली. तिच्या ओठांतून हवा निसटली. "हे लोक आत्ता जातील. आपण दोघं इथेच राहणार आहोत."

प्रमोदिनीने त्यांच्या बोटांकडे पाहिलं. मग खाली पसरलेल्या सोंगट्यांकडे. मग मानसिंगकडे.

"फौजदारसाहेब, तुमचं पेन कुठंय?"

मानसिंगने खिशाचं पेन काढलं. जबानीखालचा कोरा कागद पुढे ओढला.

"मी यांना खेळाचं काही सांगितलेलं नाही," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण अडखळला नाही. "बावीस फेब्रुवारीला यांनी माझा हात उंबऱ्यावर ठेवून पायाने मोडला. त्या दिवसापासून आजपर्यंत मी यांच्याशी एक शब्द बोललेले नाही. शुक्रवारी रात्री हे त्याचसाठी मारत होते, की बोल म्हणून. शेजारच्या सुलाबाईंनी ऐकलंय. विचारा."

"प्रमोदिनी!"

"गुरुवारी मी मिरजेला निघाले तेव्हा अण्णा म्हणाले, आज दुपारी नारायण येणार आहे, मी त्याला सांगून टाकतो, तू समोर नकोस. मी गेले. मला भीती वाटली म्हणून गेले. आणि परत आल्यावरही भीती वाटली, म्हणून गुंडाला नेलं तेव्हा गप्प बसले."

नारायणरावांनी हात उगारला. या वेळी मानसिंगने तो वरच्या वर धरला आणि पाठीमागे पिरगळला. वकिलाचा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. प्रमोदिनी जागची हलली नाही. सुटलेला कोपर तिने चोळलाही नाही.

बाईंनी विचारलं, "कोर्टात हेच सांगशील? हे समोर उभे असताना?"

तिने होकारार्थी मान हलवली. मग मान हलवणं पुरेसं नाही असं वाटून तिने मोठा श्वास घेतला आणि मानसिंगच्या कागदाकडे बोट केलं.

"लिहा," ती म्हणाली. "मी तक्रार देते आहे. हाताची आणि अण्णांच्या खुनाची, दोन्हींची. मी प्रमोदिनी तांबवेकर, आजपासून या घरात राहणार नाही."